मुक्या वेदनेचे साक्षी

वेदना ज्याची त्यालाच कळते, असें आपण नेहमीं म्हणतों. दुसऱ्याच्या दाढेची कळ आपल्याला त्याच्या बोलण्यावरून आणि चेहऱ्यावरून समजते. ती आपल्या दाढेंत उतरत नाहीं. मग ज्याला बोलतां येत नाहीं, ज्याचा चेहरा अजून पुरता भरलेला नाहीं, आणि ज्याला यांतलें कांहींएक पुढें आठवणार नाहीं, त्याच्या वेदनेची जबाबदारी कोणावर? अपुऱ्या दिवसांचें मूल हा या प्रश्नाचा सर्वांत लहान आणि सर्वांत अवघड नमुना होय. त्याला बरें करणारे हात डॉक्टरांचे व परिचारिकांचे असतात; परंतु त्याला दुखत असतां धरावयाचें कोणी, आणि आईबापांनीं त्या वेळीं तेथें असावें कीं नसावें, हा केवळ वैद्यकाचा प्रश्न राहत नाहीं. तो नीतीचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच घराघरांत विचार व्हावा असा आहे.

पूर्ण दिवस भरण्यास दहा-बारा आठवडे अवकाश असतांनाच जें मूल जगांत येतें, त्याचें वजन किलोच्या आसपास असतें. कातडी इतकी पातळ असते कीं, खालच्या शिरा दिसाव्या. त्याला जगविण्यासाठीं आधुनिक वैद्यक जें जें करतें तें सुखाचें नसतें. रक्ताचा थेंब हवा म्हणून टांच टोंचावी लागते, शिरेंत सुई घालावी लागते, घशांतला कफ नळीनें ओढून काढावा लागतो, दृष्टि वांचविण्यासाठीं पापण्या उघड्या धरून डोळे तपासावे लागतात. पॅरिस व त्याच्या आसपासच्या 13 अतिदक्षता विभागांतील 430 नवजात मुलांचा एक हिशेब 2008 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसून आलें कीं, एका मुलाच्या वाट्याला दिवसाला साधारणपणें दहा वेदनादायक उपचार येत होते, आणि अशा उपचारांपैकीं शेंकडा 79 वेळां त्यापूर्वीं वेदना कमी करण्याचा खास असा कोणताच उपाय योजलेला नव्हता. हे आंकडे कोणा निर्दय लोकांचे नाहींत. जीव वांचविण्यांत रात्रंदिवस गढून गेलेल्या, आपलें काम मनापासून करणाऱ्या माणसांचे ते आहेत. आणि म्हणूनच ते अधिक विचार करावयास लावतात.

असें कां व्हावें, याचें उत्तर थोडें मागें जाऊन शोधावें लागतें. 1941 सालीं अमेरिकेंत मर्टल मॅक्ग्रॉ या विदुषीनें नवजात अर्भकांपासून चार वर्षांच्या मुलांपर्यंत अनेकांना टाचणी टोंचून त्यांच्या प्रतिक्रियांचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. नवजाताची चळवळ ही मेंदूच्या वरच्या थरांपर्यंत न पोंचणारी, केवळ यांत्रिक अशी हालचाल असावी, असा अर्थ अशा निरीक्षणांवरून काढण्यांत आला. अर्भकाच्या मज्जातंतूंवरील स्निग्ध आवरण पुरतें तयार झालेलें नसतें, तेव्हां त्याला वेदना ती कसली, असा युक्तिवादहि त्याला जोडला गेला. शिवाय एवढ्याशा जिवाला भूल दिली तर ती भूलच त्याला घेऊन जाईल, अशी शस्त्रवैद्यांना खरीखुरी भीति वाटत असे. अज्ञान आणि भीति हीं दोन्हीं एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवूं लागलीं, म्हणजे तो निष्कर्ष तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाहीं.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें 1985 सालीं अपुऱ्या दिवसांच्या एका मुलाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया झाली. छाती उघडली त्या वेळीं त्याला स्नायु निश्चल करणारें औषध दिलेलें होतें. वेदना घालविणारें औषध दिलेलें नव्हतें. कांहीं आठवड्यांनीं मूल दगावलें. मागाहून त्याच्या आईनें चौकशी केली तेव्हां तिला ही गोष्ट कळली, आणि त्या काळीं असें करणें ही पुष्कळ ठिकाणची रीतच होती, हेंहि कळलें. तिनें आपलें दुःख घरांत कोंडून ठेवलें नाहीं. तिनें पत्रें लिहिलीं, डॉक्टरांना गांठलें, वृत्तपत्रांकडे दाद मागितली.

याच सुमारास ऑक्सफर्ड येथें कंवलजीत सिंग आनंद नांवाचे एक तरुण डॉक्टर या विषयावर काम करीत होते. त्यांचें वैद्यकीचें पहिलें शिक्षण आपल्या इंदूरला झालेलें. याच रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं अपुऱ्या दिवसांच्या कांहीं मुलांना त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नेहमींच्या पद्धतीच्या जोडीला फेंटानिल हें वेदनाशामक दिलें आणि कांहींना तें न देतां नेहमींचीच पद्धति ठेवली. ज्यांना तें मिळालें नाहीं, त्यांच्या रक्तांत क्लेशदर्शक द्रव्यांची उसळी पुष्कळ मोठी दिसली, आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवहि त्यांनाच अधिक झाले. 1987 सालीं ‘लॅन्सेट’मध्यें हें प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें, केवळ वय लहान म्हणून मुलाला भूल नाकारूं नये, असें जाहीर केलें. एका आईचा शोक आणि एका डॉक्टरचें प्रयोगशाळेंतलें मोजमाप, या दोहोंनीं मिळून एक जुनी समजूत पाडली. दोहोंपैकीं एकच असतें तर ती इतक्या लवकर पडली असती कीं नाहीं, याची शंका वाटते.

त्या जुन्या समजुतीला दोन खांब होते. ‘त्याला कळत नाहीं’ हा पहिला, आणि ‘त्याला आठवत नाहीं’ हा दुसरा. पहिल्याबद्दल आतां फारसा वाद उरलेला नाहीं. 2006 सालीं लंडन व स्वीडन येथील संशोधकांनीं वेगवेगळ्या प्रयोगांत दाखवून दिलें कीं, टोंचतांच अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या मेंदूच्या बाह्य थरांतहि रक्ताचा ओघ बदलतो. उलट, वरून खालीं येऊन वेदनेला आवर घालणारी मेंदूची जी व्यवस्था मोठ्यांत असते, ती या मुलांत अजून जुळलेली नसते; तेव्हां त्याला आपल्याहून कमी दुखत असेल असें समजण्यास आधार नाहीं, अधिक दुखत असावें असें मानण्यास मात्र आहे. मारिया फिट्झजेराल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1989 सालीं असें दाखविलें कीं, वरचेवर टोंचलेली टांच हळवी होते, आणि वेदनाशामक मलमानें तो हळवेपणा उतरतो.

दुसरा खांब अधिक चिवट आहे, कारण तो आपल्या रोजच्या बोलण्यांत रुतून बसला आहे. ‘लहान आहे, विसरेल’ असें आपण किती सहज म्हणतों! यावर शास्त्राचें एक उत्तर आहे. टोरांटो येथील संशोधकांनीं 1997 सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, जन्मतःच सुंता झालेलीं मुलें चार-सहा महिन्यांनीं लस टोंचतांना इतर मुलांहून अधिक कळवळतात. आणि सुंतेच्या वेळीं बधिर करणारें मलम लावलें असल्यास तें कळवळणें कमी होतें. मनाला आठवत नसलें तरी शरीर कांहींतरी जपून ठेवतें, असें यावरून म्हणावें लागतें.

परंतु नीतीचें उत्तर याहून सोपें आहे, आणि तें कोणत्याहि प्रयोगावर अवलंबून नाहीं. घटकाभर असें समजूं कीं, मुलाच्या शरीरांत वा मनांत मागें कांहींच उरत नाहीं. तेवढ्यानें त्या क्षणाची वेदना खोटी ठरते काय? ज्या वृद्धाची स्मृति नष्ट झाली आहे, ज्याला सकाळचें संध्याकाळीं आठवत नाहीं, त्याचा मोडलेला हात भूल न देतां बसवावा, असें कोणी म्हणणार नाहीं. वेदना ज्या क्षणीं असते त्या क्षणीं ती पूर्ण असते. तिला पुरी होण्यासाठीं उद्यांच्या आठवणीची गरज नसते. आठवण उरली तर दुःखाची दुसरी आवृत्ति निघते एवढेंच. पहिली आवृत्ति त्यामुळें रद्द होत नाहीं. आणि जेथें खात्री नाहीं तेथें कोणत्या बाजूला चुकावें, हाहि प्रश्न आहेच. ज्याला दुखत नव्हतें त्याला जवळ घेतलें, तर आपल्या हातून एक अनावश्यक माया घडली इतकेंच. ज्याला दुखत होतें त्याला दुखत नाहीं असें समजून टोंचलें, तर त्याची भरपाई कोणत्याहि नाण्यांत करतां येत नाहीं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानें 2020 सालीं आपली व्याख्या सुधारतांना हें तत्त्व मान्य केलें आहे. बोलून सांगतां येत नाहीं एवढ्यावरून वेदना नाहीं असें ठरत नाहीं, असें त्या व्याख्येच्या टिपणींत नमूद आहे.

येथें कोणी म्हणेल, मग औषध द्यावें आणि मोकळें व्हावें. आईबापांचा यांत काय संबंध? मोठ्या शस्त्रक्रियेला भूल हवीच. परंतु दिवसांतून दहा वेळां टोंचावयाच्या सुईसाठीं दहा वेळां जालीम औषध देतां येत नाहीं. डोळ्यांच्या तपासणीपूर्वीं अपुऱ्या दिवसांच्या मुलांना तोंडावाटे मॉर्फिन द्यावें काय, हें पाहण्यासाठीं ऑक्सफर्ड येथें एक प्रयोग सुरू झाला. पण औषधानें मुलांचा श्वास अडखळूं लागला, आणि अवघ्या 31 मुलांनंतर तो थांबवावा लागला. 2018 सालीं हें प्रसिद्ध झालें. अशा ठिकाणीं वैद्यकाला पुन्हा जुन्या, साध्या साधनांकडे वळावें लागतें, आणि तीं बहुतेक आईबापांच्या अंगाशींच असतात.

कोलंबिया देशांतील बोगोटा येथें 1978 सालीं, उबेच्या पेट्या अपुऱ्या पडत म्हणून, एडगर रे या डॉक्टरनीं मुलाला आईच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्याची पद्धति सुरू केली. तिलाच कांगारू पद्धति म्हणतात. गरजेपोटीं निघालेल्या या पद्धतीचा वेदनेवरहि उपयोग होतो, असें मॉन्ट्रियलच्या सेलेस्ट जॉन्स्टन यांनीं दाखविलें. आईच्या उराशीं असतांना टांच टोंचलेलें अपुऱ्या दिवसांचें मूल कमी कळवळतें आणि लवकर सांवरतें. बापाच्या छातीशींहि मूल निवतें. आईपेक्षां कांहींसें कमी, पण फरक थोडा. फिनलंडमधील परिचारिकांनीं 2006 सालीं आईबापांना एक साधी गोष्ट शिकविली: घशांतला कफ काढीत असतां मुलाचें डोकें एका तळव्यांत आणि दुमडलेले पाय दुसऱ्या तळव्यांत धरावयाचे, जसें तें पोटांत असतांना होतें तसें. तेवढ्यानेंहि क्लेश उतरले. इटलींतील आओस्ता येथें जिनीव्हाच्या संशोधकांनीं आईला नुसतें बोलावयास वा गुणगुणावयास सांगितलें. 2021 च्या त्यांच्या निवेदनाप्रमाणें, आई बोलत असतां वेदनेचा गुणांक 4.5 वरून 3 वर आला. गाण्यापेक्षां बोलण्याचाच गुण थोडा अधिक आला, ही गोष्ट ज्यांचा गळा गोड नाहीं अशा मातांना दिलासा देणारी आहे.

हें सारें वाचतांना मराठी घरांतल्या कान टोंचण्याची आठवण होते. सोनार येतो, तार तयार होते, मूल कोणाच्या तरी मांडीवर घट्ट धरलेलें असतें, आणि रडें फुटतांच जिभेवर साखर वा गूळ टेंकविला जातो. मांडी, साखर आणि ओळखीचा आवाज, हीं तिन्हीं साधनें ज्यांवर आज रुग्णालयांतून प्रयोग होतात, तीं आपल्या आज्यांना ठाऊक होतीं. परंतु त्याच वेळीं पुष्कळदां आई माजघरांत गेलेली असते. ‘मला नाहीं बघवत’ असें ती म्हणते, आणि कोणी तिला दोष देत नाहीं. रुग्णालयांतहि तीच चाल आहे. ‘आपण जरा बाहेर थांबा’ असें आईबापांना सांगण्यांत येतें, आणि तेंहि मायेनेंच. तेव्हां खरा प्रश्न असा: मुलाला दुखत असतां आईबापांना तेथें थांबावयास सांगणें ही त्यांच्यावर कृपा आहे कीं क्रूरता?

या प्रश्नाची दुसरी बाजू मोठ्या सहानुभूतीनें मांडतां येईल. मुलाच्या मनांत आईचा स्पर्श हा निर्भयतेचा असावा. त्या स्पर्शाबरोबरच सुई येऊं लागली, तर तो स्पर्शच संशयास्पद होणार नाहीं काय? शिवाय नुकतीच बाळंत झालेली, कदाचित् पोटावर टांके असलेली, आधींच ‘माझ्याच पोटांत कां टिकलें नाहीं’ या विचारानें पोळलेली जी बाई, तिच्याकडून आणखी ही सेवा मागावयाची? आक्षेप वजनदार आहे. परंतु त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही कीं, आईनें पाठ फिरविल्यानें मुलाची सुई चुकते. ती चुकत नाहीं. सुई येणारच असते. आई असली तरी आणि नसली तरी. निवड ‘सुई कीं आई’ अशी नसून ‘सुई एकट्यानें कीं सुई आईजवळ’ अशी आहे. टोंचणारा आणि धरणारा या दोन भूमिका वेगळ्या ठेवतां येतात, आणि ठेवाव्याहि. आईनें सुई धरावी, हात दाबून ठेवावे, असें कोणी म्हणत नाहीं. तिनें जवळीक तेवढी द्यावी. जो दुःख देतो आणि जो दुःखांत सोबत करतो त्यांत भेद करण्याइतकी जाण तान्ह्या मुलाला असते कीं नाहीं, हें सांगतां येणार नाहीं. पण आपल्याला तो भेद कळतो, आणि आपलें कर्तव्य आपल्या कळण्यावरून ठरतें.

तथापि या विषयांत एक धोका आहे, आणि तो न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. मूल शांत झालें म्हणजे त्याची वेदना गेली, असें समजण्याचा मोह फार मोठा असतो. लंडन येथील एका प्रयोगांत टांच टोंचण्यापूर्वीं मुलांच्या जिभेवर साखरेचें पाणी घातलें. त्यांचे चेहरे कमी वेडेवाकडे झाले, पण मेंदूंत उमटणारा वेदनेचा ठसा कमी झाल्याचें दिसलें नाहीं. हें 2010 सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आलें, आणि त्यावर अजूनहि तज्ज्ञांत वाद आहे. इंग्लंडमधील दुसऱ्या एका प्रयोगांत आईबापांनीं टोंचण्यापूर्वीं दहा सेकंद मुलाच्या पायावरून हळुवार हात फिरविला. 2024 सालीं निष्कर्ष आला कीं, मेंदूच्या मापांत त्यानें फरक पडला नाहीं. तीं मुलें बहुतांशीं दिवस भरत आलेलीं होतीं, आणि स्पर्श दहा सेकंदांचा होता, हें ध्यानांत घेतलें तरी, मायेचा हात म्हणजे औषधच, असें सरसकट म्हणतां येणार नाहीं, एवढें यावरून निश्चित होतें. 1985 चें तें मूलहि शस्त्रक्रियेच्या टेबलावर अगदीं शांत होतें. त्याला हलतांच येत नव्हतें.

मग ज्या ठिकाणीं माप बदलत नाहीं त्या ठिकाणीं आईबापांची उपस्थिति व्यर्थ म्हणावी काय? मला तसें वाटत नाहीं. आपल्याकडे कोणी मृत्युशय्येवर असला कीं, आपण त्याचा हात हातांत घेऊन बसतों. हातानें ताप उतरत नाहीं, हें त्यालाहि ठाऊक असतें आणि आपल्यालाहि. तरी तो हात सोडणें आपल्याला अपराध वाटतो. कारण माणसानें माणसाचें दुःख हलकें करणें हें जसें कर्तव्य आहे, तसेंच तें बेवारशी राहूं न देणें हेंहि कर्तव्य आहे. पहिलें कर्तव्य नेहमींच साधेल असें नाहीं. दुसरें बहुधा साधतें. शिवाय या दुसऱ्या कर्तव्याचा व्यवहारांतहि उपयोग आहे. जेथें आई जवळ बसलेली असते तेथें ‘हें टोंचणें आजच हवें काय? दोन वेळांचें रक्त एकदांच काढतां येईल काय? बधिर करणारें कांहीं लावलें काय?’ असे प्रश्न आपोआप उठतात. तिनें विचारले नाहींत तरी तिच्या असण्यानें ते दुसऱ्याच्या मनांत उठतात. मुक्याला साक्षीदार मिळाला म्हणजे त्याची बाजू निम्मी मांडली गेली. वॉशिंग्टनच्या त्या आईला जें मरणानंतर विचारावें लागलें, तें आधीं विचारणारें कोणी असावें, एवढाच याचा अर्थ.

मात्र साक्ष हा हक्क असावा; त्याचा जुलूम होऊं नये. जी आई दूरच्या गांवीं आहे, जी अजून अंथरुणावर आहे, ज्या बापाला रजा मिळत नाहीं, किंवा ज्याला खरोखरच रक्त पाहून घेरी येते, त्यांना ‘तुम्हीं मुलाला एकटें टाकलें’ असें ऐकवणें हा नवा अन्याय होईल. अशा वेळीं आजीनें, मावशीनें, परिचारिकेनें ती जागा भरावी. तसेंच आईच्या कुशीचा गुण आढळला म्हणून रुग्णालयानें औषध, मलम वा पुरेशा परिचारिका यांत काटकसर करूं नये. माया फुकट मिळते, म्हणून तिच्यावर सारा भार टाकणें, ही आपल्या समाजाची बायकांच्या बाबतींतली जुनी खोड आहे.

उलट, रुग्णालयानेंच आईसाठीं जागा केली पाहिजे. हें स्वप्नरंजन नाहीं. भारत व आफ्रिकेंतील चार देश येथील पांच रुग्णालयांत कमी वजनाच्या 3,211 मुलांवर झालेला एक प्रयोग 2021 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत दिल्लीचें सफदरजंग रुग्णालय होतें. मूल स्थिर होण्याची वाट न पाहतां जन्मल्यापासूनच त्याला आईच्या अंगाशीं ठेवलें, आणि त्यासाठीं अतिदक्षता विभागांतच मातेची खाट मांडली. पहिल्या 28 दिवसांत या मुलांपैकीं शेंकडा 12 दगावलीं. रूढ पद्धतींत शेंकडा 15.7 दगावलीं होतीं. हा प्रयोग वेदनेसंबंधीं नव्हता, जगण्यासंबंधीं होता. पण जेथें आईची खाट आंत आली, तेथें ‘आपण जरा बाहेर थांबा’ हें वाक्य म्हणण्याचें कारणच पुष्कळसें उरत नाहीं.

आपल्या ओळखीच्या एखाद्या घरीं असें लवकर आलेलें मूल असेल, तर आपण ‘लहान आहे, त्याला काय कळतंय’ असें म्हणून आईबापांचें समाधान करूं नये. त्या समाधानानें पूर्वीं पुष्कळ मुलांवर अन्याय झाला आहे. त्याऐवजीं त्यांना एवढेंच सांगावें कीं, डॉक्टरांना विचारा, टोंचतांना आम्हीं जवळ थांबलों तर चालेल काय, आणि आम्हीं त्याला कसें धरावें. बहुतेक चांगले डॉक्टर होय म्हणतील. मुलाला हें कधींच आठवणार नाहीं. ज्याची परतफेड सोडाच, आठवणहि मिळावयाची नाहीं, असें कर्तव्य आपण कितपत पाळतों, यावरूनच आपली नीति पारखावयाची असते.